शाई कमी पडली आहे

आमचे अण्णा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे उलटे खिळे नुसत्या बोटाने ओळखून ओळ जुळवणारा माणूस. आज ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज झाली आहे. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं धूसर होतं. तरी रोज सकाळी खिडकीपाशी बसून ते वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. अक्षर गडद आणि मोठं असलं की त्यांचं काम भागतं.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या मुदत ठेवीचं नूतनीकरण करायचं होतं. पतसंस्थेने ते काम वेबसाइटवर आणलेलं. मी शेजारीच बसले होते, पण त्यांनी आधीच बजावलं, "तू सांगू नकोस, माझं मी करतो." पान उघडलं. पांढऱ्या पानावर फिकट राखाडी अक्षरं, रकान्यांच्या कडा त्याहून फिकट. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला, तिरपा धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि मला विचारलं, "अगं, यांची शाई कमी पडलीय का?"

चाचपडत त्यांनी सगळं भरलं आणि बटण दाबलं. वरती सूचना आली : लाल रंगातील रकाने पूर्ण भरा. सहा रकान्यांपैकी एकाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली होती. ती त्यांना दिसेना. एकेका रकान्यावर बोट ठेवत ते शोधत राहिले, तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अण्णांनी फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "उद्या शाखेत जाऊन येतो."

मी गेली बारा वर्षं वेबसाइटची पानं आखते. रंग निवडणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. त्या रात्री मी माझंच एक जुनं पान उघडून मोजलं. पांढऱ्यावर मध्यम राखाडी अक्षरं. ते काम झालं तेव्हा सगळ्यांनी त्याला 'स्वच्छ' म्हटलं होतं. अण्णांना ते वाचता आलं नसतं. पतसंस्थेच्या पानावर मला जो राग आला होता, त्याचा धनी मीही होते. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की होत गेली आहे आणि तीच इथे मांडायची आहे. सार्वजनिक कामाच्या पानावरचा रंग हा आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. कोण आत येणार आणि कोण दारातून परत जाणार, याचा निर्णय त्या रंगाने होतो. म्हणून तो रंग मोजला पाहिजे, आणि मोजणं बंधनकारक असलं पाहिजे.

दृष्टिबाधित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी काठी येते, ब्रेल येतं, फोनमधून बोलणारा आवाज येतो. त्यामुळे रंगाचा मुद्दा काढला की हमखास ऐकू येतं : ज्यांना दिसतच नाही त्यांना रंगाचं काय? पण दृष्टी म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, चालू नाहीतर बंद असं असायला. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यानेही अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. अल्पदृष्टी असलेली बहुतेक माणसं डोळ्यांनीच वाचतात. अक्षर मोठं करून, फोन जवळ धरून, उजेड साधून. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि गढूळ होतं, निळे-जांभळे रंग मळतात आणि सगळ्या चित्रावर धुकं उतरतं. काचबिंदूत कडेची दृष्टी जाते आणि माणूस नळीतून पाहिल्यासारखं पाहतो. पानाच्या उजव्या कोपऱ्यातलं बटण त्याच्यासाठी नसल्यातच जमा. मधुमेहाने पडद्यावर डाग पडतात. अण्णांसारखी झीज झाली की नेमकं ज्या शब्दाकडे पाहावं तोच विरतो. यातल्या बहुतेकांना एक गोष्ट समान लागते : अक्षर मागच्या रंगापासून सुटं दिसलं पाहिजे.

किती माणसं असतील अशी? भारतात २०११च्या जनगणनेत दृष्टिदोषाची नोंद झालेल्या व्यक्ती ५० लाखांच्या थोड्या वर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालाप्रमाणे जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं दिसण्यात काही ना काही अडचण आहे. एक आकडा देशाचा आणि दुसरा जगाचा, हे धरूनही ही दरी फार बोलकी आहे. पहिला आकडा सरकारदरबारी अपंग म्हणून नोंदलेल्यांचा, दुसरा प्रत्यक्ष डोळ्यांचा. अण्णांकडे अपंगत्वाचा दाखला नाही. विचारलं तर ते म्हणतील, मला वयोमानाने जरा कमी दिसतं. अशा माणसाची गणती कुठेच होत नाही, म्हणून त्याचा विचारही होत नाही. आणि चाळिशीनंतर या रांगेत आपण सगळेच हळूहळू पुढे सरकत असतो.

आता 'सुटं दिसणं' म्हणजे काय, ते पाहू. यासाठी मराठीत सुंदर शब्द आहे : उठाव. पैठणीचा काठ उठून दिसतो, गेरूने सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी उठून दिसते, काळ्या फळ्यावर खडू उठून दिसतो. हा उठाव मोजता येतो. वेबची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम' या संस्थेने वेबपानं सर्वांना वापरता यावीत यासाठी १९९९ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत उठावाचं नेमकं सूत्र आलं. दोन रंगांची तेजस्विता काढायची, दोन्हींत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागायचं. दोन्ही रंग एकच असतील तर उत्तर येतं १. पांढऱ्यावर काळं असेल तर २१. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ हवेत, मोठ्या अक्षरांसाठी ३. अधिक कडक पातळी गाठायची तर साध्या मजकुराला ७. २०१८ च्या सुधारणेत बटणांच्या आणि रकान्यांच्या कडांनाही ३ ची अट लागली.

हे ४.५ कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. साधारण ऐंशी वर्षांच्या माणसाची नजर किती मंदावते आणि उठाव ओळखण्याची त्याची ताकद किती घटते, याचा हिशेब त्यामागे आहे. म्हणजे हा आकडा ठरवणाऱ्यांच्या समोर अण्णांच्याच वयाचं माणूस होतं.

सूत्रात एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. तेजस्वितेत हिरव्याचा वाटा जवळपास ७२ टक्के धरला जातो, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. आपल्या डोळ्याची घडणच तशी आहे. म्हणून पडद्यावरचा पिवळा कितीही झगझगीत वाटला तरी पांढऱ्या पानावर त्याचा उठाव फक्त १.०७ भरतो, ते अक्षर असून नसल्यासारखं. तोच पिवळा काळ्यासोबत ठेवा, १९.५६ होतात. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवरची काळी अक्षरं धावत्या गाडीतूनही वाचता येतात, यामागे हेच गणित आहे. आपल्याकडे वेबसाइटच्या माथ्यावर भगवी पट्टी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं हौसेने घालतात. वेबवर सर्रास वापरला जाणारा भगवा घेऊन मी मोजलं : २.१३. त्याच भगव्यावर अक्षर काळं केलं की ९.८६. भगवा तोच, मानही तोच; फक्त वाचणाऱ्यांची संख्या वाढली. माझ्या त्या जुन्या पानावरचा राखाडी २.८५ भरला होता. तो थोडा गडद केला असता तर ४.५ सहज ओलांडले असते आणि ज्यांनी पानाला स्वच्छ म्हटलं त्यांच्या लक्षातही आलं नसतं.

एवढं सोपं असताना घडतं काय? अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठातली 'वेबएम' ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठं तपासते. पहिल्या वर्षी त्यांपैकी ८५.३ टक्के पानांवर पुरेसा उठाव नसलेला मजकूर सापडला. २०२५ मध्ये ७९.१ टक्के पानांवर. दरवर्षी सर्वाधिक पानांवर आढळणारा दोष हाच. सूत्र २००८ पासूनचं, मोजण्याची साधनं फुकट, दुरुस्ती दोन मिनिटांची, आणि तरीही पाचांपैकी चार पानं नापास. हा तंत्राचा प्रश्न असता तर केव्हाच सुटला असता. पान आखणाऱ्याच्या मनात वाचणारा कोण आहे, तिथे खरी अडचण आहे. आम्ही मोठ्या, लख्ख पडद्यासमोर, बेताच्या उजेडात, तिशीतल्या डोळ्यांनी रंग निवडतो. आमच्या मनातला वाचक आमच्यासारखाच असतो.

इथवर अक्षराच्या उठावाबद्दल बोलले. अण्णांना अडवणारी दुसरी गोष्ट वेगळी होती, ती केसाएवढी लाल रेघ. माहिती फक्त रंगाच्या भरवशावर सोडून दिली होती. अण्णांना तर ती रेघच दिसत नव्हती, पण ज्यांची नजर उत्तम आहे अशाही कित्येकांना ती अडवते. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हा बहुतेकदा जन्मजात आणि आनुवंशिक प्रकार. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे ते एकच असल्यामुळे पुरुषांत हे प्रमाण जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का. आपल्याकडे प्रमाण याहून कमी असलं तरी माणसांची संख्या मोठीच आहे. यातल्या अनेकांना स्वतःलाही ते नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत माहीत नसतं.

रंगाच्या भरवशावर राहण्याची किंमत रेल्वेने फार पूर्वी मोजली आहे. १८७५च्या नोव्हेंबरात स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि नऊ माणसं गेली. फ्रिथियॉफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञांना संशय आला की चालवणाऱ्याला दिव्याचा रंग ओळखता आला नसावा. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी वेगळ्या करायला लावणारी चाचणी तयार केली आणि ती रेल्वे कर्मचाऱ्यांना सक्तीची झाली. या अपघाताचं कारण खरोखर तेच होतं का, यावर पुढे वाद झाला. पण तेव्हापासून जगभरच्या रेल्वेने एक मार्ग धरला : दिवा बदलायचा नाही, माणूस तपासायचा.

गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत हे समजू शकतं, मागे शेकडो जीव बसलेले असतात. वेबपानाला हा मार्ग मोकळा नाही. पान उघडणाऱ्याची नजर तपासून त्याला नापास करण्याचा अधिकार कोणत्याही बँकेला, शाळेला, सरकारी कार्यालयाला नाही. तिथे तपासायचं ते पान. आणि माणूस तपासण्याची सवयही जिथेतिथे बरोबर असतेच असं नाही. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२२मध्ये न्यायालयाने सांगितलं की संस्थेचे सगळे अभ्यासक्रम रंगांध विद्यार्थ्यांना खुले असले पाहिजेत. रंगांवरच उभ्या असलेल्या चित्रपटकलेच्या शिक्षणात जर रंगांधळेपणा अडसर ठरू नये, तर ठेवीचा अर्ज भरताना तो अडसर का ठरावा?

रंगाला जोडीदार देणं अवघड नसतं. रस्त्यावरच्या सिग्नलला लाल वर आणि हिरवा खाली असतो, म्हणून रंग न कळणारा माणूस जागेवरून ओळखतो. पादचाऱ्यांच्या सिग्नलवर उभी आणि चालती आकृती असते. शेअर बाजाराच्या भावांत हिरव्या-लाल आकड्याशेजारी वर-खाली बाण असतो. रिझर्व्ह बँकेने नव्या नोटांना वेगवेगळे रंग दिले, पण शंभर आणि दोनशेच्या नोटेच्या कडेला चार आणि पाचशेच्या नोटेला पाच उठावदार रेघाही दिल्या, म्हणजे बोटालाही नोट कळावी. वेबपानावर याचा अर्थ एवढाच की चुकलेल्या रकान्याखाली शब्दांत लिहा : जन्मतारीख भरायची राहिली. दुव्याचा नुसता रंग बदलू नका, खाली रेघ द्या. वेबच्या जुन्या काळातल्या निळ्या दुव्यांचा काळ्या मजकुराशी उठाव २.४४च होता, त्यांना तारत होती ती खालची रेघ, आणि नव्या आखणीत आम्ही सौंदर्याच्या नावाखाली पहिल्यांदा पुसली तीच.

यादीत नावापुढे हिरवा किंवा लाल ठिपका टाकून 'पात्र' आणि 'अपात्र' दाखवणारी पानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. गडद लाल आणि गडद हिरवा यांच्यात तेजस्वितेचा फरक नाममात्र असतो. एका नेहमीच्या जोडीचा मी मोजलेला उठाव १.२८ आहे. शिष्यवृत्तीची यादी पाहणाऱ्या रंगांध मुलासाठी ते दोन ठिपके एकच आहेत. त्याचं शिक्षण पुढे सरकणार की नाही, हे त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे आणि ती आपल्याशिवाय कुणी करणार नाही. मोठं अक्षर म्हणजे किती मोठं, हे त्या मार्गदर्शक तत्त्वांत रोमन लिपीच्या मापाने सांगितलं आहे आणि चिनी, जपानी, कोरियन लिप्यांसाठी समतुल्य माप धरायची सोय ठेवली आहे. देवनागरीचा वेगळा उल्लेख तिथे नाही. आपली लिपी तीन मजली आहे. शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, रुकार, मध्ये जोडाक्षरं. त्याच मापात आपल्या अक्षराचा मधला भाग लहान पडतो आणि बारीकसारीक चिन्हांवर अर्थाचा भार येतो. 'चिता' आणि 'चिंता' यांत फक्त एका ठिपक्याचं अंतर. 'घर' आणि 'घरं' यांत एकवचन-अनेकवचनाचं. फिकट राखाडीत सगळ्यात आधी बुडतो तो हाच ठिपका. अक्षराचं धूड दिसत राहतं आणि अर्थ निसटतो. रोमन मजकुराला ४.५ पुरत असतील तर बारीक आकाराच्या मराठी मजकुराला मी स्वतः ७ च्या खाली जात नाही. खिळ्यांच्या काळात अनुस्वार तुटलेला खिळा अण्णा बाजूला काढून ठेवत. पडद्यावरचा तुटका अनुस्वार कुणी बाजूला काढत नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते टाळून पुढे जाणं बरं नाही. पहिला आक्षेप सौंदर्याचा : सगळीकडे काळं-पांढरं केलं तर पानाचा जीव जाईल. पण ४.५ च्या वर रंगांना भरपूर जागा आहे. गडद निळा, किरमिजी, बाटलीहिरवा, डाळिंबी, कॉफीचा तपकिरी, सगळे पांढऱ्यावर सहज बसतात. फिकट रंग पार्श्वभूमीला, मोकळ्या जागेला, चित्राला ठेवा. वाचायच्या अक्षराला नको. विणकर काठ आणि पदर यांचे रंग ठरवताना उठावाचाच विचार करतो आणि त्याच्या वस्त्राला कुणी निर्जीव म्हणत नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा : पानाच्या वर 'अ+', 'अ-' आणि काळ्या पार्श्वभूमीचं बटण दिलं आहे की, ज्याला लागेल तो दाबेल. असं बटण असायला हरकत नाही. पण ते बटणच बहुधा कोपऱ्यात, बारीक आणि फिकट असतं. ज्याला ते हवं त्यालाच ते सापडत नाही. आणि मूळ पान न वाचण्याजोगं ठेवून बाजूला वाचण्याजोगी प्रत देणं म्हणजे इमारतीच्या मागच्या दाराने बोलावणं. मूळ पानच किमान पातळीचं असलं पाहिजे. जादा सोय त्याच्या वर.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो काही दृष्टिबाधितांकडूनच येतो. सगळ्यांना जास्त उठाव मानवत नाही. ज्यांना उजेड सहन होत नाही त्यांना पांढरंशुभ्र पान डोळ्यांत टोचतं. काहींना काळ्यावर पांढरं वाचायला बरं पडतं, तर त्याच पानावर दुसऱ्याला अक्षरांभोवती झळाळी दिसते. शिवाय सूत्रही परिपूर्ण नाही. नारिंगीवरची पांढरी अक्षरं आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर यांत आकडा आणि प्रत्यक्ष अनुभव जुळत नाहीत, अशी तज्ज्ञांची तक्रार आहे. हे सगळं खरं आहे. म्हणूनच माणसाने आपल्या फोनमध्ये किंवा संगणकात जी निवड केली असेल, गडद पान, जादा उठाव, मोठं अक्षर, ती वेबपानाने मोडू नये, पाळावी. तंत्रात ती सोय आजही आहे. पण या मतभेदांचा आधार घेऊन किमान पातळीच नको म्हणणं चुकीचं आहे. तराजू थोडा इकडेतिकडे होतो म्हणून कुणी वजनमापं रद्द करत नाही.

चौथा आक्षेप संख्येचा : इतक्या थोड्यांसाठी सगळ्यांनी का बदलायचं? आधी सांगितलं तसे ते थोडे नाहीत. पण समजा असते. भर उन्हात बांधावर उभं राहून पिकाच्या विम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याचा फोन डोळ्यांसमोर आणा. बॅटरी वाचवायला उजेड कमी केलेला, काचेला तडा गेलेला. त्याची नजर ससाण्याची असली तरी फिकट राखाडी त्याला दिसणार नाही. अण्णांसाठी गडद केलेलं अक्षर त्याच्याही कामी येतं, तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन मंद दिव्यात फोन पाहणाऱ्या आईच्याही.

आता कायद्याकडे वळते, कारण नुसत्या सद्भावनेवर हे सोडून भागलेलं नाही. सरकारी वेबसाइटांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. भारतीय मानक ब्यूरोने आयएस १७८०२ हे मानक काढलं. २०१६च्या कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सुगम करण्याची तरतूद आहे. कागद कमी नाहीत. पण नियम आणि शिफारस यांत फरक असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. सुगमतेच्या नियमांतला नियम १५ प्रत्यक्षात फक्त शिफारशी करतो आणि कायद्याला तर सक्ती अपेक्षित आहे, म्हणून तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीच्या किमान अटी वेगळ्या काढायला सांगितल्या. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल केवायसीच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि पूर्ण अंध अशा याचिकाकर्त्यांची तक्रार होती की डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, यांसारख्या अटींमुळे त्यांना बँकेचं दार बंद होतं. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे.

या निकालाचा अर्थ मी माझ्या कामापुरता असा लावते. पतसंस्थेचं फिकट पान ही आता नुसती गैरसोय मानता येणार नाही. शाखा बंद होऊन पान उघडत असेल तर ते पानच शाखा आहे. आणि शाखेच्या दारात पायऱ्या किती उंच असाव्यात हे जसं गवंड्याच्या आवडीवर सोडत नाहीत, तसं पानावरचं अक्षर किती फिकट असावं हे माझ्या आवडीवर सोडता कामा नये. वेबसाइटचं काम देताना निविदेत आकडा लिहा : मजकूर ४.५, कडा ३, एकट्या रंगावर विसंबलेली माहिती नाही. काम घेताना मोजा, मगच पैसे द्या. सरकारी खात्यापासून गावच्या पतसंस्थेपर्यंत कुणालाही हे जमण्यासारखं आहे. कारण सुरुवातीलाच केलं तर त्याला जादा एक रुपयाही लागत नाही. नंतर करायला गेलं की सगळं पान उसवावं लागतं.

मोजणं एवढं एकच मात्र पुरेसं नाही, हे मला अण्णांनी शिकवलं. त्यांच्या छापखान्यात रीत होती : ज्याने जुळवलं त्याने प्रूफ वाचायचं नाही. जुळवणाऱ्याला काय लिहिलंय ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा डोळा चुकीवरून घसरून जातो. प्रूफ दुसऱ्याच्या हातात द्यायचं. आणि छाप फिकट उमटला तर वाचकाला चष्मा बदला म्हणून कुणी सांगत नसे. यंत्र थांबायचं, रुळाला शाई लागायची आणि पुन्हा छापायचं.

आम्हा पानं आखणाऱ्यांचंही तसंच होतं. बटण कुठे आहे हे आम्हाला ठाऊक असतं, म्हणून ते फिकट असलं तरी आम्हाला दिसतं. त्यामुळे हल्ली माझं कोणतंही पान पूर्ण होण्याआधी मी ते दोन-तीन अशा माणसांच्या हातात देते ज्यांची नजर माझ्यासारखी नाही. एक रंगांध सहकारी आहे. एक अल्पदृष्टी असलेली पदवीची विद्यार्थिनी आहे, तिला मी या कामाचं मानधन देते, कारण ते काम आहे, उपकार नाही. आणि घरी अण्णा आहेत. मी शेजारी गप्प बसते. ते कुठे थांबतात, फोन कुठे तिरपा धरतात, तेवढं टिपून घेते. तिथे शाई कमी पडलेली असते.